शेजारच्या सीटचे तास

द्राक्षाच्या पेट्या बनवण्याचा धंदा सांभाळून मी हौसेने विमान चालवायला शिकले आणि खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं. नव्वदच्या दशकातल्या नाशिकमध्ये ही घरोघरी चघळायची बातमी होती. “त्यापेक्षा टेम्पो शिका वहिनी, द्वारका चौकात भाडं तरी मिळेल,” असं माझे दीर म्हणायचे. मी त्यांना टेम्पोसुद्धा चालवून दाखवला.

आमच्या फ्लाइंग क्लबची एक रीत होती. रविवारी विमान आम्ही हौशी मंडळी उडवायचो, पण शेजारी क्लबचा तरुण इन्स्ट्रक्टर बसायचा, गरज नसली तरी. त्याला एअरलाइनच्या नोकरीसाठी उड्डाणाचे तास जमवायचे असत, म्हणून लॉगबुकात मुख्य वैमानिक तोच. पेट्रोल आमचं, हात आमचे, तास त्याचे. पोराचं भलं होतंय म्हणून कोणी कुरकुर करत नसे.

मग दिल्लीच्या विमान वाहतूक खात्याकडून फॅक्स आला. लायसन्सच्या नूतनीकरणासाठी मुख्य वैमानिक म्हणून केलेली उड्डाणं दाखवा. क्लबातले दंतवैद्य म्हणाले, हे नव्या लोकांना. बिल्डर म्हणाले, सगळ्यांना, पण पुढच्या वर्षी. माझं लायसन्स महिनाअखेरीस संपत होतं आणि लॉगबुकात मुख्य वैमानिक म्हणून माझं नाव कुठेच नव्हतं. ते संपू देऊन सगळ्या परीक्षा पहिल्यापासून द्यायची माझी तयारी नव्हती. मी प्रश्न कागदावर मांडले आणि सरळ दिल्लीला फोन लावला.

“मॅडम, पुराने को पुराना रूल, नये को नया.”

“लायसेन्स पुराना है, रिन्यूअल नया. मेरा क्या?”

“फिर दोनों लागू.” फोन बंद.

क्लबच्या सेक्रेटरींनी तोडगा काढला. “ताई, मागचेच तास तुमच्या नावावर दाखवू. उडवलं तर तुम्हीच होतं ना?”

“उडवलं मीच. पण त्याच तासांवर तो पोरगा आज एअरलाइनमध्ये आहे. एक तास दोघांना कसा द्याल?”

“सगळे तसंच करताहेत.”

“करू देत. मला विमान द्या. महिनाअखेरपर्यंत रोज सकाळी.”

“रोज? आणि कारखाना?”

“तो दहाला उघडतो.”

दुसऱ्या दिवशी मी तपासणी उरकून आत बसले, तर नवा इन्स्ट्रक्टर सवयीने दुसरं दार उघडून पाय आत टाकू लागला.

“बस की,” मी म्हटलं, “पण मुख्य वैमानिक मी. सही माझी.”

“मग मला काय मिळणार, मॅडम?”

“गार हवा.”

तो हसला, पण पाय त्याने मागे घेतला. “वारा ओझरकडून आहे. सांभाळून.”

“मला दिसतंय,” म्हणून मी दार ओढलं. रिकाम्या सीटचा पट्टा बांधून टाकला, म्हणजे वर हिसके बसले तरी लोंबकळायला नको. धावपट्टी मोकळी होती. एकटीच्या वजनाला विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं गेलं, आणि मी ते आणखी वर खेचलं.