दप्तरं रांगेत, पोरी मैदानात

लातुरात साबेरा मॅडमबद्दल एक आवई आहे. भूकंपात किल्लारीकडं एका घराचं माळवद खचत होतं, ते म्हणे मॅडमनी दोन्ही हातांनी वरच्या वर धरलं आणि आतली माणसं बाहेर पडेपर्यंत सोडलं नाही. त्यामुळंच त्यांचे हात एवढे लांब झाले. कॉलेजात बास्केटबॉल शिकायला आलेली नवी पोरगी आधी मॅडमचे हात बघते, मग चेंडू.

आता खरं ऐका. मॅडमनी माळवद धरलं नाही. त्या तिकडं गेल्याच नव्हत्या. आणि हात जन्मापासून लांब. वडील जिलानीभाईंच्या सायकल दुकानात वरच्या खुंटीवरची ट्यूब काढायला शिडी लागायची नाही, साबेरा लागायची.

तेव्हा ती अकरावीला होती. भूकंपानंतर अख्ख्या लातुरानं भाकरी थापल्या. गल्लीगल्लीतून भाकरीची गाठोडी कॉलेजच्या मैदानावर यायची, तिथून ट्रकनं गावोगाव जायची. ट्रक उंच, माणसं दमलेली. साबेरानं ओढणी कमरेला बांधली आणि खालून एकेक गाठोडं वर फेकायला सुरुवात केली. त्या दिवसांबद्दल मॅडम आजही एवढंच सांगतात, की रडायला कुणाला सवड नव्हती.

मैदानावर गुरुपादप्पा सर उभे होते. खेळाचे शिक्षक, निलंग्याकडचे. कुठल्याही पोरीला धाकटी बहीण असल्यागत कानडीत ‘तंगी’ म्हणायचे.

“ए तंगी, एखादी भाकरी मोडली का गं?”

“न्हाई सर.”

“एकबी न्हाई?”

“मोडून कसं चालंल? खाणारे वाट बघून राहिलेत.”

“मग हे सगळं निवळलं की मैदानावर ये. तुला चेंडू देतो.”

ती गेली. खांबावरची रिंग खालून निरखून बघितली आणि म्हणाली, “सर, टोपलीला बूड न्हाई. चेंडू राहील कसा?” सर इतके हसले, की त्यांना चष्मा पुसावा लागला.

शेजारी दुकानात येऊन जिलानीभाईंना टोचायचे. “पोरगी चड्डी घालून खेळणार का, भाई?” भाई मान वर न करता म्हणायचे, “सलवार घालून खेळेल. तुमच्या सायकलची चेन उतरलीय, ती बसवू का अगोदर?”

पोरगी कॉलेजकडून खेळली, खेळाची पदवी घेऊन आली, आणि गुरुपादप्पा सर निवृत्त झाले तेव्हा त्यांची शिट्टी तिच्या गळ्यात पडली. साबेराची साबेरा मॅडम झाली. “पास असा दे, की भाकरी मोडू नये,” हा त्यांचा पहिला धडा.

मग लातुरात क्लासचं पीक आलं. सोयाबीनला निदान पाऊस लागतो, याला तोही लागला नाही. जळकोटच्या, हदगावच्या, पार इस्लापूरच्या एसट्या भरून पोरी उतरायला लागल्या. पोरीच्या मागं आई, आईच्या हातात स्टोव्ह. चौकाचौकात गुणवंतांचे फ्लेक्स लागले. मैदानावर मात्र एक-एक पोरगी गळत गेली. शेवटी मॅडम, चेंडू आणि गवत एवढंच उरलं.

प्राचार्य मडिवाळप्पांनी बोलावून घेतलं. सरांचं प्रत्येक वाक्य एकाच दारातून आत येतं.

“तत्त्वतः, मॅडम, मी खेळाच्या बाजूचाच आहे. तत्त्वतः. पण मैदानावर सध्या गवतच खेळून राहिलंय. शेजारचा क्लास तिथं पत्र्याचा हॉल बांधू म्हणतोय.”

“सर, नांदेडच्या स्पर्धेला संघ नेते.”

“संघ? कुठून?”

“आणते. अन् एक सामना जिंकते. मग मैदान पोरींचं?”

“तत्त्वतः... हो. आणि न जिंकल्यास पत्रे.”

हो तर म्हणून बसल्या. पण पोरी आणायच्या कुठून? मॅडम सकाळी मैदानाच्या भिंतीला टेकून विचार करत होत्या. भिंतीपलीकडं फिजिक्सचा क्लास. पुढचा बेंच मिळावा म्हणून कॉलेजच्याच पोरी उजाडायच्या आत यायच्या, बंद गेटपाशी दप्तरांची रांग लावायच्या आणि गेट उघडेपर्यंत तासभर दप्तराशेजारी जांभया देत बसायच्या.

मॅडमनी भिंतीवरून मान काढली. “अगे पोरींनो, काय करून राहिल्या?”

“दप्तराकडं बघून राहिलो, मॅडम.”

“ते पळून जातंय का?”

“पळत न्हाई, पण मागचे लोकं सरकवतेत.”

समोरच नीलाबाईची खानावळ. मॅडमनी तिला गळ घातली. दुसऱ्या दिवशी नीलाबाई लाटणं घेऊन रांगेशेजारी स्टुलावर बसली आणि रस्त्याला ऐकू जाईल असं बोलली, “ज्याला दप्तर सरकवायचंय त्यानं आधी मला सरकवावं!”

नीलाबाईला सरकवणारा अजून लातुरात जन्मला नाही. दप्तरं रांगेत राहिली आणि पोरी भिंतीवरून मैदानात उतरल्या. संघ झाला! गेट उघडलं, की नीलाबाई आरोळी द्यायची, “गेट उघडलं गंऽऽ!” आणि चेंडू असेल तिथं टाकून सगळ्या जणी सुसाट सुटायच्या. चेंडूमागं त्या जन्मात अशा पळाल्या नव्हत्या. मॅडम ते रोज बघून ठेवायच्या.

एकदा हदगावहून सटवाजी लेकीला भेटायला आले. दप्तर रांगेत, लेक गायब. नीलाबाईनं लाटण्यानं भिंत दाखवली. सटवाजी भिंतीवरून ओरडले, “म्या हिला डाक्टर व्हाया धाडलं, अन् ही टोपलीत चेंडू टाकून राहिली!”

“या, सटवाजीदादा, बसा,” मॅडम म्हणाल्या. “तनुजा क्लासात झोपती म्हणून तुम्हाला फोन गेला होता ना? आता येतो का, विचारा तिला.”

तनुजा धापा टाकत म्हणाली, “न्हाई येत, बाबा. इथं पळून गेल्यावर डोळेच मिटत न्हाईत.”

सटवाजी तोंड फुगवून पायरीवर बसले. थोड्या वेळानं त्यांचाच आवाज आला, “अगं हाण की! कुणाची वाट बघतीस, तुझ्या मामाची?”

नांदेडला निघालेल्या बसमध्ये संघातली एक राखीव पोरगी प्राचार्यांची नक्कल करत होती. हे लिहिणारीच ती. “तत्त्वतः, ड्रायव्हर, मी ब्रेकच्या बाजूचाच आहे,” असं चाललं होतं आणि बस हसून हसून लोळत होती. मॅडम मागं वळल्या.

“लई भारी. उद्या जिंकलो तर हेच प्राचार्यांपुढं करशील?”

पोरीनं संघाकडं बघितलं. निम्म्या जणी सूत्रं पाठ करत होत्या, उरलेल्यांना बस लागली होती. “करते की, मॅडम! अन् हरलो तर महिनाभर मला पळायचं न्हाई. बोला!”

“हाव. पक्कं.”

समोरचा संघ उंच, सगळ्यांचे बूट एकसारखे. तरीही तनुजानं आणि बाकीच्यांनी चिवटपणे धरून ठेवलं. शेवटचं मिनिट आलं तेव्हा लातूर एका गुणानं मागं होतं आणि पोरींचे पाय शिशाचे झाले होते. मैदानावर पत्रे चढल्याचं दिसायलाच लागलं. चेंडू कसाबसा आपल्या हाती आला, पण पुढं पळणार कोण?

मॅडम उठल्या. थेट रांगेशेजारच्या स्टुलावरून यावा तसा, हुबेहूब नीलाबाईचा आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला.

“गेट उघडलं गंऽऽ!”

पाच पोरी पुढच्या बेंचासाठी सुटल्या. समोरच्या संघानं मात्र माना वळवून खरंच मैदानाच्या गेटकडं बघितलं, कोण आलं म्हणून. तेवढ्यात तनुजा रिंगखाली पोचली आणि चेंडू बिनबुडाच्या टोपलीतून खाली पडला. हदगावहून सामना बघायला आलेल्या सटवाजींनी डोक्याचा पटका हवेत भिरकावला.

दुपारी दुसऱ्या सामन्यात लातूरच्या पोरींना धुऊन, पिळून वाळत घातलं गेलं. पण मैदान वाचवायला एकच सामना लागत होता.

लातुरात सत्कार झाला. “तत्त्वतः, मैदान पोरींचंच,” प्राचार्य म्हणाले. टाळ्या थांबल्या तशा मॅडम माइककडं वाकल्या. “सर, या पोरीला दोन शब्द बोलायचेत.”

पोरगी उठली. तिनं एकदा घसा साफ केला आणि सरांच्याच आवाजात सुरू केलं, “तत्त्वतः, मी खेळाच्या बाजूचाच आहे...”

प्राचार्यांनी चष्मा काढला, तिच्याकडं रोखून बघितलं.

“तत्त्वतः ठीक आहे,” ते म्हणाले. “पण मी घसा एकदा नाही, तीनदा साफ करतो. परत.”

मॅडम ओढणी तोंडावर धरून हसत होत्या. हे लिहिणारीनं तीनदा घसा साफ केला.