एका नाण्यावर दोन राज्यं

ती केस आजही आठवते, पण तपासाच्या आधी खोलीतला उजेड आठवतो. क्योतोत हिवाळा होता. विमानप्रवासाने माझी झोप उडालेली, आणि पडद्यातून येणारं ऊन पाण्यातून आल्यासारखं वाटत होतं.

फिर्यादी मुंबईतला बडा संग्राहक. इस्लामी राजवटीच्या सुरुवातीच्या काळातलं तांब्याचं नाणं त्याने क्योतोत पीएच.डी. करणाऱ्या एका मराठी मुलीला अभ्यासासाठी दिलं होतं. तिने त्याला पाठवलेला नवा फोटो पाहून एका नाणेविक्रेत्याने आम्हा पोलिसांना खबर दिली: अस्सल नाणं हिरवं होतं, हे लखलखीत, म्हणजे पोरीने बदललं. विश्वासघाताचा गुन्हा दाखल झाला. फिर्यादी बडा, म्हणून मला थेट जपानला धाडलं. एरवी जीपच्या डिझेलसाठी आमची मारामार!

तिच्या खोलीत गेलो तेव्हा आम्ही साध्या वेशात होतो. सोबतचा जपानी अधिकारी वही उघडून बसला.

"नाणं बदललंत?"

"नाही, सर."

"मग एवढं चमकतं कसं?"

ती गप्प. पदवी जाणार, तुरुंग समोर, तरी गप्प. काहीजण स्वतःला वाचवायला गप्प बसतात, काही दुसऱ्याला. ही दुसऱ्यातली, एवढं मी ताडलं.

तेवढ्यात तिची आई कोपऱ्यावरच्या कोन्बिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, दूध घेऊन आली. भूकंपाच्या धास्तीने ती लेकीजवळ आली होती, ती परत गेलीच नव्हती. विद्यापीठातले पाहुणे आलेत, असं लेकीने तिला सांगून ठेवलं होतं. कपाटावर तिचं छोटं देवघर होतं. त्यातला तांब्या, पळी, ताम्हण सगळं झळकत होतं. ओट्यावर वाटीत चिंच भिजत होती.

मी टेबलावरचं नाणं तळहातावर घेतलं आणि भिंग काढलं. कडेची खाच जुन्या फोटोतल्यासारखीच होती. नाणं तेच! नव्या अक्षरांखाली पुसट जुनी अक्षरंही दिसत होती.

मुलगी हळूच म्हणाली, "हे पाडलं तेव्हा सत्तापालटाची धामधूम होती, सर. जुन्याच नाण्यावर नवा छाप मारला. हिरव्या थराखाली हे दिसतच नव्हतं."

गेलेलं राज्य आणि आलेलं राज्य, दोन्ही माझ्या तळहातावर उन्हात पडली होती. किती वेळ पाहत राहिलो, कोण जाणे.

"अहो, केवढं कळकट होतं ते!" आई कौतुकाने म्हणाली. "म्हटलं, लेकीच्या अभ्यासाची वस्तू, जरा चिंच लावून घासू. छान निघालं ना?"

घासलेलं नाणं मातीमोल होतं, हे फिर्यादीनेच मला सांगितलं होतं. मुलगी श्वास रोखून माझ्याकडे पाहत होती.

"छान निघालं, आई," मी म्हणालो.

जपानी अधिकाऱ्याला मराठीचा गंधही नव्हता, तरी त्याने वही मिटली.

नाणं तेच, अदलाबदल नाही, असा अहवाल मी दिला. फिर्यादी चरफडला, पण गुन्हा उरलाच नव्हता. तीस वर्षं मी माणसांकडून खरं वदवून घेत आलो. ते ऐकून घरातल्या दुसऱ्या माणसाचं काय होईल, हा विचार त्या दुपारी पहिल्यांदा मनात आला. इतक्या उशिरा आला, याची मला अजून लाज वाटते.