विचारलं तेवढंच

प्रश्नाचा कागद समोर आला की दामूतात्या त्यावर टीपकागद ठेवत. पहिली ओळ तेवढी उघडी. तिचं उत्तर लिहून झालं की टीपकागद एक ओळ खाली सरके. साताऱ्याच्या कचेरीत मी नवा होतो. मला वाटलं, तात्यांना डोळ्यांचा काही विकार असेल. विचारलं तर म्हणाले, "पुढचा प्रश्न आधी दिसला, की मागच्या उत्तरात चार शब्द जास्त जातात. त्या चार शब्दांवर असेंब्लीत पुरवणी प्रश्न येतो, आणि साहेबांना मुंबईची गाडी पकडावी लागते."

युद्ध संपलं होतं. मुंबईत असेंब्ली पुन्हा भरू लागली होती. सभासद विचारत, अमुक कामावर किती खर्च केला आणि त्यातून निष्पन्न काय झालं? हे प्रश्न मंत्र्यांकडून खात्याकडे आणि खात्याकडून खाली घरंगळत शेवटी तात्यांच्या टेबलावर येत. वर जाताना उत्तर इंग्रजी कोट चढवून जाई, पण आतला माणूस तात्यांच्या मराठी खर्ड्यातलाच. मंत्री सभागृहात उभे राहून जे बोलत, ते तात्यांनी इथे सुपारी कातरत लिहिलेलं असे. याची त्यांना थोडी ऐट होती, आणि ती त्यांना शोभायची. "विचारलं तेवढंच सांगावं, आणि सांगितलं ते खरं असावं," असं ते नव्या कारकुनाला बजावत. खोटं त्यांनी खरोखरच कधी लिहिलं नाही. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय तर एक अक्षर लिहीत नसत.

तात्या उंब्रजकडचे, शेतकरी घरातले. आई लवकर गेली. थोरल्या बहिणीनं, सोनाआक्कानं, त्यांना वाढवलं. आक्काला वर डोंगराकडच्या वाडीत दिलेली होती. त्या वाडीत आमच्या खात्यानं विहीर खणली. मंजूर खोली गाठली, दगडी बांधकाम केलं, पायऱ्या काढल्या आणि मार्चअखेरच्या आत रक्कम खर्ची घातली. खाली काळा पाषाण निघाला, पाणी लागलं नाही. पण मंजूर खोली गाठली की आमच्या लेखी विहीर पूर्ण. वार्षिक अहवालात खर्चाला रकाना होता, पूर्ण कामांना रकाना होता, पाण्याला नव्हता. आणि पूर्ण झालेल्या कामाला पुन्हा पैसे मिळत नसत.

एका वैशाखात तात्यांबरोबर मी त्या वाडीत गेलो. आक्का ओढ्यावरून वर येत होती. ओढ्याच्या वाळूत झिरा उकरायचा आणि वाटीवाटीनं घागर भरायची, असं तिथं चाललेलं. तात्यांना पाहून तिनं घागर उतरवली.

"दामू, तुज्या सरकारची हीर लय झ्याक हाय बग. दुपारची शेरडं बांधतो आमी तितं. गार जागा." ती हसली, आणि मग गुडघे चोळत म्हणाली, "आता हे चढणं व्हत न्हाई रं. आजून थोडं खाली गेलं तर पाणी लागंल म्हणत्यात. तू तितंच हायस न्हवं?"

"हाय," एवढंच तात्या म्हणाले.

पुढच्या वेळी त्या विहिरीवर प्रश्न आला, 'काम पूर्ण झाले काय?' तेव्हा तात्यांनी लिहिलं, 'होय. तथापि पाणी लागलेले नाही.' साहेबांनी दुसरं वाक्य तांबड्या पेन्सिलीनं खोडलं. "हे कोणी विचारलंय?"

"कोणी नाही, साहेब," तात्या म्हणाले. त्यांना राग आला नव्हता. नियम त्यांचाच होता.

त्या रविवारी मला घेऊन ते आमच्या भागातल्या सभासदांकडे गेले. हे फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. सरकारी नोकरानं सभासदाला प्रश्न सुचवणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं, हे मला कळत होतं. तात्यांना तर माझ्याहून जास्त.

"सुभेदार, विहीर पूर्ण झाली काय, असं विचारू नका. विहिरीला पाणी आहे काय, असं विचारा."

"आवं तात्या, हीर म्हंजी पाणी आलंच की त्यात!"

"येत नाही. वेगळं विचारावं लागतं. 'नाही' असं उत्तर गेलं, तर खात्याला आणखी खोल खणायला पैसे मागावेच लागतील."

सुभेदारांनी शब्द दिला आणि पाळलाही. पण त्या बैठकीत प्रश्न निघाला नाही, पुढच्या बैठकीवर गेला. साताऱ्याला आमच्याकडे उतरला तो श्रावणात. प्रश्न हाती पडेल त्या दिवसांतली स्थिती लिहायची, असा शिरस्ता.

मी म्हणालो, "तात्या, या खेपेला पाहायला जाऊ नका." ते गेले. भिजून परत आले, टोपी पिळून खुंटीला लावली आणि बसले.

"निम्म्या पायऱ्या पाण्यात आहेत," ते म्हणाले.

"पाझराचं पाणी ते! दिवाळीपर्यंत आटेल. तुम्ही 'नाही' लिहा."

"आज आहे."

"मग पावसाळ्यापुरतं, असं जोडा."

"जोडून पाहिलं की एकदा."

त्यांनी 'होय' लिहिलं, पूर्णविराम दिला आणि कागद माझ्याकडे नकलेला सरकवला. मी नक्कल केली. मला राग यायला हवा होता, वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. पुढे सुभेदार रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी तात्यांच्या पाठीवर थाप मारली. "झालं की वो तुमचं काम! मंत्री म्हणाले, पाणी हाय." तात्यांनी नमस्कार केला.

त्यानंतर तात्या वाडीत गेले नाहीत. आक्कानं दोनदा निरोप धाडला. त्यांनी कामाचं निमित्त सांगितलं. कचेरीत ते पूर्वीसारखेच येत, पूर्वीसारखेच लिहीत. नव्या कारकुनांना मात्र काही सांगेनासे झाले. माघात त्यांना ताप भरला आणि आठवड्याच्या आत ते गेले.

पुढे सांगलीचं संस्थान विलीन झालं आणि माझी बदली सांगलीला झाली. जाण्याआधी, चैत्रात, मी आक्काला भेटून आलो. तिनं तांब्या पुढे केला. तळाला थोडं पाणी होतं. ते मी प्यायलो.

"दामूनं हिरीचं लिवलं व्हतं न्हवं मुंबईला?"

"लिहिलं होतं, आक्का."

"काय लिवलं?"

तिच्याशी खोटं बोलणं मला जमलं नाही. "विहिरीला पाणी आहे, असं लिहिलं."

आक्कानं विहिरीकडे पाहिलं. पायऱ्यांवर शेरडं बसली होती.

"मग आसंल," ती म्हणाली. "दामू खोटं न्हाई लिवायचा."

मग भिंतीचा आधार घेऊन ती उठली, घागर कमरेवर घेतली आणि ओढ्याची वाट उतरू लागली.