भट्टीशेजारच्या पेट्या

पाव भाजणाऱ्या भट्टीवाल्याच्या बायकोनं ते भांडण दाराआडून ऐकलं होतं. एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ. इकडे आड, तिकडे विहीर. भाऊ लढणाऱ्यांत सामील झालेला, आणि हत्यारांच्या पेट्या घेऊन दारात उभा.

"भावजी, सगळं एका जागी ठेवलं तर त्यांचं एक विमान पुरे. घरोघरी वाटलं तर शोधतील कुठं कुठं? शिवाय माणसांची वस्ती बघून जरा हात आखडतील."

"आणि नाही आखडला तर?"

"समोरासमोर आपला निभाव लागतो का?"

"वा रे शूर! लढाई वाघाशी, आणि बीळ माझ्या पिठाच्या खोलीत!"

मेहुण्यानं पेट्या उचलून थेट पिठाच्या खोलीत नेऊन ठेवल्या. 'दोन-चार दिवसांत नेतो' म्हणून गेला, तो गेलाच.

आता बघा, पिठाची खोली भट्टीला लागून. पीठ कोरडं राहावं म्हणून सासऱ्यानंच तशी बांधलेली. भट्टीच्या दुसऱ्या अंगाला हिची खाट. उभा संसार ती उबदार भिंतीला पाठ लावून झोपलेली. पण दारूगोळ्याशेजारी जाळ कोण घालणार? भट्टी विझली. पेट्या बाहेर टाकाव्यात तर गल्लीत लोकांची पोरं. घर सोडावं तर रिकामं बघून आणखी पेट्या येणार. म्हणून त्यानं बायकोपोरांना नदीपल्याड तिच्या थोरल्या बहिणीकडे धाडलं, स्वतः राखणीला राहिला, आणि मळलेली कणीक एका दोस्ताच्या भट्टीवर नेऊ लागला.

बहिणीकडे कशाला कमी नव्हतं. गादी तर अशी मऊ, की माणूस हरवावा. पण हिच्या पाठीला काही केल्या भिंत सापडेना.

दर आठवड्याला तो सायकलीवर यायचा, फडक्यात पाव बांधून. ती आधी विचारायची, "भिंत?" तो म्हणायचा, "गारच."

पुढं त्या गल्लीवर बॉम्ब पडले, तेव्हा तो घरातच होता. कुणी म्हणालं पेट्यांचा सुगावा लागला, कुणी म्हणालं नेम चुकला. गेलेल्याला दोन्ही सारखंच.

आदल्या दिवशीही तो आला होता.

"भिंत?"

"गारच. तुझा भाऊ येऊ दे, आधी त्याचा कान धरतो, मग भट्टी पेटवतो."

"आज राहा ना."

"कणीक भिजवून आलोय. एकदा फुगली की कुणाचं ऐकते होय? तुझ्यासारखीच."

"चला, काहीतरीच!"

तिनं मागच्या खेपेचं फडकं धुऊन घडी घातलेलं दिलं. त्यानं ते खिशात कोंबलं, धाकट्याला टपली मारली आणि सायकलीवर टांग टाकली.

"भिंतीला सांगतो हं, आठवण काढत होतीस म्हणून."