बाबांनी परत घेतलेला अधिकार

आमच्या घरात बाबांना काही विचारायची फारशी पद्धत नव्हती. विचारलं तरी उत्तर ठरलेलं असायचं, ‘तूच बघ.’ आई गेल्यावर त्यांना नागपूरहून कायमचं अमेरिकेत आणलं तेव्हाही ते हेच म्हणाले. अट एकच घातली, वेगळं राहीन. म्हणून अर्विंगमध्ये, देशी दुकानांच्या जवळ, त्यांना छोटं अपार्टमेंट भाड्याने घेऊन दिलं. मी प्लेनोत, गाडीने अर्ध्या तासावर.

एकदा ते बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले. मी घाबरलो, त्यांना वकिलाकडे नेलं आणि माझ्या नावाने मुखत्यारपत्रं करून घेतली. एक व्यवहाराचं, एक दवाखान्याचं. वकीलबाईंनी सावकाश समजावलं. हे ड्युरेबल आहे, म्हणजे उद्या यांचं डोकं चालेनासं झालं तरी मुलाचा अधिकार टिकेल. आणि यांचं डोकं ठिकाणावर आहे तोवर दोन्ही कागद हे स्वतः कधीही, कारण न देता, रद्द करू शकतात. मी मराठीत सांगताना पहिलं सांगितलं, दुसरं गाळलं. उगाच त्यांना गोंधळात कशाला टाका! सरकारी नोकरीत जन्मभर इंग्रजीत टिपणं लिहिलेला माणूस समोर बसलाय, हे मला सुचलंसुद्धा नाही.

वर्षभराने ते पुन्हा पडले. मी अपार्टमेंटच्या ऑफिसात मुखत्यारपत्राची कॉपी दिली, त्यांचं लीज संपवायची नोटीस दिली आणि माझ्या घराजवळच्या वृद्धाश्रमात खोली ठरवली. बाबांना सामान बांधायच्या दिवशी सांगणार होतो. उत्तर काय येणार ते मला ठाऊक होतं ना! ऑफिसातल्या बाईंनी मात्र त्यांना सहज विचारलं, कधी मूव्ह करताय?

आठवड्याभरात पोस्टमन माझी सही घेऊन एक पत्र देऊन गेला. सुबक इंग्रजी, खाली नोटरीचा शिक्का. मला दिलेले दोन्ही अधिकार रद्द. नकला बँकेला, अपार्टमेंटच्या ऑफिसला, डॉक्टरांना. सोबत नव्या मुखत्यारपत्रांची प्रत, त्यात त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकांचं नाव. हे काका पुण्याचे, बाबा रोज सकाळी त्यांच्याबरोबर चालायला जायचे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दारातूनच बाबांना फोन लावला.

“बाबा, हे काय? सगळं कॅन्सल केलंत? मला एकदा सांगायचं तरी!”

“तू लीजचं सांगितलं होतंस?”

“तुमच्यासाठीच केलं ना! तुम्हीच म्हणता, तूच बघ.”

“विचारल्यावर म्हणायचो,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यांनी लीज परत चालू करून घेतलं. मला लाज वाटायला हवी होती. मला वाटला तो अपमान. परक्या माणसाच्या नावासाठी माझं नाव खोडलं, हेच मी बायकोला ऐकवत राहिलो. दोन महिने अर्विंगला फिरकलो नाही. ते दोन महिने मी कुणाकडे परत मागू?

मग एका सकाळी काकांचा फोन आला. “अरे, लवकर हॉस्पिटलला ये. बाबांना स्ट्रोक आलाय.”

मी पोचलो तेव्हा बाबा बेशुद्ध होते. उजवीकडे तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, श्वासाचं मशीन लावायचं का? मी मुलगा आहे, लावा, जे लागेल ते करा, असं मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी फाइलमधला कागद पाहिला, मला सॉरी म्हटलं आणि काकांकडे वळल्या.

 काकांनी बाबांकडे पाहिलं, मग मान हलवून नाही म्हटलं.

“मशीन नको म्हणाले होते ते,” काका मला म्हणाले.

“कधी? मला तर कधीच म्हणाले नाहीत.”

“मी विचारलं होतं रे.”