पश्चिमेस शेवगा

आमच्या कल्याणच्या घरामागे परसू होतं आणि त्या परसात दोन खणांचं घर बांधायचं होतं. एवढीच गोष्ट. जागा आमची, दगडमाती आमची; पण परसू कागदोपत्री बागायत, आणि बागायतीत राहतं घर उठवायचं तर सरकारची लेखी परवानगी हवी. त्या एका कागदापायी मी जे हेलपाटे घातले ते आठवले की अजूनही पित्त खवळतं.

घर हवं होतं माझ्या आत्याला. बाराव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी परत आली, आणि तेव्हापासून माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात निजत आली. माझी आई बाळंतपणात गेली तेव्हा मला तिनंच वाढवलं. साठी उलटल्यावर तिनं जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. स्वतःची चूल आणि स्वतःचं दार.

मी शाळामास्तर. अर्ज लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ. चतुःसीमा झोकात लिहिली: पूर्वेस राहतं घर, दक्षिणेस विहीर, उत्तरेस गडगा, पश्चिमेस शेवगा. जागेच्या खुणा अशाच सांगायची तेव्हा रीत होती. अर्ज कचेरीत दिला आणि पाहणीचा दिवस विचारला. कारकून म्हणाला, ‘उद्या या.’ मी उद्या गेलो. परवाही गेलो. पुढले चार महिने शाळा सुटली की मी कचेरीच्या पायरीवर, आणि तो गृहस्थ दर खेपेला मला प्रथमच पाहत असल्यासारखं नाव विचारून ‘उद्या या’ म्हणे.

एकदाची पाहणी ठरली. आदल्या दिवशी शाळेतून येतो तो काय, परसात शेवगा आडवा पडलेला आणि आत्या तोडणाऱ्या माणसाला ताक देते आहे. मी कपाळावर हात मारला. ती शांतपणे म्हणाली, ‘दाराशी शेवगा असला की घरात भांडणं होतात. नव्या घराला तो नको.’ एकटी राहणारी बाई भांडणार कोणाशी, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहणीदार आला. घर जुळलं, विहीर जुळली, गडगा जुळला. शेवगा दिसेना. मी त्याला बुंधा दाखवला. तो म्हणाला, अर्जात बुंधा लिहिलेला नाही. मी ओंडके दाखवले. त्यानं ओंडक्यांवर बसूनच शेरा लिहिला की चतुःसीमा जुळत नाही. अर्ज ठाण्याला गेला आणि नामंजूर होऊन परत आला. आगगाडीनं ठाण्याला जाऊन मी तिथल्या शिरस्तेदारापुढे सगळी हकिकत ओतली. त्यानं ती ऐकून घेतली आणि नवा अर्ज करा म्हणाला.

घरी येऊन मी आत्याला नको नको ते बोललो. तुझ्या खुळ्या समजुतींनी माझं वर्ष फुकट घालवलं, इथपर्यंत बोललो. तिनं तोडलेल्या झाडाची एक फांदी उचलली, जुन्याच जागी रोवली, वर शेणाचा गोळा लावला आणि म्हणाली, ‘लिही आता. पश्चिमेस शेवगा.’

शेवगा भराभर वाढतो, सरकारी कागद वाढत नाही. फांदीला पालवी फुटली, फुलं आली, शेंगांची आमटी खाऊन आम्ही कंटाळलो, तेव्हा कुठे परवानगी हातात पडली. तिच्यात अट होती की हद्दीवरचा शेवगा तोडू नये. मी ती आत्याला भीतभीतच वाचून दाखवली.

‘राहू दे तो,’ ती म्हणाली. ‘दाराला आतून कडी मात्र लाव.’

तिच्या बोळाला दारच नव्हतं. पन्नास वर्षं येणारा-जाणारा तिच्या अंथरुणावरून गेला, त्यात मीही गेलो, आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. आजवरचा सगळा राग मी कचेरीवर काढत होतो. त्या दिवशी तो माझ्यावरच उलटला.

वास्तुशांत झाली, पंगती उठल्या, पाहुणे गेले. आत्या आपल्या घरात शिरली आणि कडी लागल्याचा आवाज आला. तिची जपमाळ ओटीवर राहिली होती, ती द्यायला मी मागोमाग गेलो आणि दार वाजवलं.

‘उद्या ये,’ आतून उत्तर आलं.

मी जपमाळ घेऊन मुकाट्यानं माघारी फिरलो.