अधिकार गाजवणे : वाक्यात उपयोग करा

चौथीला मी ‘अधिकार गाजवणे’ शिकवलं तेव्हा गावात कुळकायदा येऊन तीन-चार वर्षं झाली होती. अधिकार चालवायचा तर काम करावं लागतं, गाजवायला नुसते ऐकणारे पुरतात, असं मी पोरांना ऐटीत सांगितलं. मनात माझ्या गावकार होते. गावकार म्हणजे देवगडजवळच्या त्या गावातले देवळाचे पहिले मानकरी. जमिनी कुळांच्या नावावर गेल्या, पण गृहस्थाचा घसा शाबूत होता. जत्रेत पहिला नारळ यांचा, पालखीपुढे हे, कोणी कुठं बसायचं तेही हेच सांगणार. धोतर नेसायलासुद्धा यांना गडी लागत असावा, असं मला नेहमी वाटे.

वाक्यात उपयोग करायला सांगितला, तर एका कुळाच्या मुलीनं पाटीवर लिहिलं, ‘विहीर माझ्या बाबांनी खणली, तिच्यावर अधिकार गावकार गाजवतात.’ शिष्यवृत्तीच्या परीक्षेला देवगडला न्यावी अशी वर्गात ती एकच पोर. तिच्या बापाची मी महिनाभर मनधरणी केली होती, तेव्हा कुठं तो तयार झाला होता. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, वर हसलोही. गावकारांचा नातू पुढच्याच ओळीत बसला होता. एवढी माझी अक्कल.

गावकार शाळेत आले नाहीत, तिच्या बापालाही त्यांनी बोलावलं नाही. समोरासमोर बोलायला छाती लागते. त्यांनी जत्रेची वाट पाहिली आणि देवाला मध्ये घातलं. आमच्याकडे मानकरी गाऱ्हाणं घालतो आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. गप्प राहणं म्हणजे देवालाच नाही म्हणणं. पाऊस झाला, गुरं झाली, होड्या झाल्या, मग पोरींचा नंबर लागला, आणि त्याच सुरात गावकार म्हणाले, “चार बुकां शिकान जी चेडवां मोठ्या माणसांका नावां ठेवतत, तेंका घरातच रवाची बुद्धी दी रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” गाव म्हणाला. माझ्या शेजारी तिचा बाप उभा होता, तोही म्हणाला. मीही म्हटलं. शब्द कळायच्या आत तोंडातून निघून गेलं, असं मी पुढं बरीच वर्षं लोकांना सांगत आलो. साफ खोटं. शब्द मला नीट कळले होते. मी भ्यालो होतो.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेलो. ती वेणी घालून, धुतलेला परकर नेसून दारात उभी होती. बाप अंगणात होता. चेडू येणार नाही, म्हणाला. मी त्याला समजावलं, अशा गाऱ्हाण्यांना कुठं भीक घालतोस, असंही विचारलं. तो मुळीच चिडला नाही.

“मास्तरानू,” तो म्हणाला, “तुमीच व्हय म्हटलात मा.”